कणाद नव्हे, केनेडी

गेल्या हिवाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. एका शनिवारी तिला अल ऐनला नेलं. खजुरीच्या बागेत हिंडून झालं, फलजच्या पाटात हात बुडवून झाले. गाडी परत निघाली तेव्हा रस्त्यावरची एक पाटी वाचून आई ताठ बसली.

"अगं, कणाद हॉस्पिटल! आपले कणाद ऋषी इथं कुठं आले?"

यांनी गाडीचा वेग कमी केला आणि आम्ही सगळे हसलो. कणाद ऋषींचा इथे काही संबंध नाही. हे नाव एका अमेरिकन डॉक्टर जोडप्याचं आहे, पॅट आणि मेरियन केनेडी यांचं. इथल्या लोकांच्या तोंडी केनेडीचं 'कनद' झालं. पूर्वी या दवाखान्याला ओअ‍ॅसिस हॉस्पिटल म्हणत. २०१९ मध्ये त्याला लोकांच्या तोंडचं हेच नाव अधिकृतपणे देण्यात आलं.

"म्हणजे मिशनवाले?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दारोदार फिरणारा, हातात पुस्तक घेतलेला माणूस येतो. मॉर्मन पंथाचे तरुण असे पांढऱ्या शर्टात, जोडीजोडीनं दोन-दोन वर्षं परमुलखात काढतात. अमिरातीत मात्र मुसलमानांमध्ये धर्मप्रचार करायला कायद्यानं बंदी आहे. मग इथे आलेल्या मिशनऱ्यांनी दिवसभर केलं तरी काय? केनेडी दांपत्याच्या गोष्टीत याचं उत्तर सापडतं.

१९६० साली अबू धाबीत तेलाची निर्यातसुद्धा सुरू झाली नव्हती. अमिरात नावाचा देश जन्मायला अजून अकरा वर्षं होती. अल ऐनला डांबरी सडक नव्हती, वीज नव्हती, दवाखाना नव्हता. हिवताप, क्षय, डोळ्यांचे खुपरे हे रोजचेच आजार. जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी दगावत आणि तीन बाळंतिणींमागे एक जाई, असं त्या काळाबद्दल सांगतात. शेख झायेद तेव्हा या भागाचा कारभार पाहत होते. दवाखाना काढण्यासाठी केनेडींना इथे बोलावणं झालं आणि शेख झायेद यांनी त्यांना आपलं मातीच्या विटांचं अतिथिगृह दिलं. दोघं नवरा-बायको चार मुलांना घेऊन वाळूतून वाट काढत इथे पोचले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी काम सुरू केलं.

पुढे खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्यांतही रुग्ण ठेवले गेले. आपल्याकडे मांडवाला नारळाच्या झापा बांधतात, तशाच त्या भिंती. रुग्ण उंटावरून, गाढवावरून वाळवंट तुडवून येत. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारी उष्णता, आणि डोक्यावर पंखा नाही. आपल्या घरचा एसी तासभर बंद पडला तरी आपण इमारतीच्या वॉचमनला चार फोन करतो, ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

मेरियन स्वतः डॉक्टर होत्या, हे फार महत्त्वाचं ठरलं. परपुरुषासमोर न येणाऱ्या बायका त्यांच्याकडे नि:संकोच येऊ शकल्या. बाळंतपणानंतर अंगात मीठ भरायची एक जुनी पद्धत आखातात होती. त्यानं आतली जागा आकसून जाई आणि पुढचं बाळंतपण अडे. आपण नावं ठेवायला नकोत. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत धुरात कोंडून ठेवणारे आपणच की! मुद्दा असा, की पिढ्यान्‌पिढ्यांची सवय व्याख्यानानं सुटत नाही. एखादीचं दुसरं मूल सुखरूप जन्मलं, की शेजारीण आपणहून येते. मी काही वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे हे मला लगेच पटलं. मुलं आपलं बोलणं फार थोडं ऐकतात, आपल्याकडे बघतात मात्र सारखी.

११ मार्च १९६१ रोजी याच दवाखान्यात शेख झायेद यांच्या घरातलं एक बाळ जन्माला आलं. तेच आजचे अमिरातीचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद. म्हणजे ज्या घरानं परक्यांना जागा दिली, त्यानं आपली बाळंतीणही त्यांच्याच हाती सोपवली.

१९६२ मध्ये कॅनडाहून गर्ट्रूड डिक नावाची परिचारिका इथे आली. ती तब्बल ३८ वर्षं राहिली. लोकांनी तिला 'लतीफा' हे नाव दिलं. लतीफा म्हणजे मृदू, प्रेमळ. ती डॉक्टर नव्हती, तरी सगळे तिला डॉक्टरा लतीफा म्हणत. पुढे तिनं आपल्या अल ऐनच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ही माणसं ख्रिस्ती होती, धर्मासाठीच घर सोडून आली होती आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. ज्यांनी त्यांना बोलावलं ते मुसलमान होते, तेही मुसलमानच राहिले. दोघांनाही एकमेकांची श्रद्धा ठाऊक होती. तेवढ्यावर नातं टिकलं.

दुबई जवळ आली तेव्हा आई एकदम म्हणाली, "माझा जन्म मिशनमधला, तुला माहीतच आहे."

मिशन म्हणजे आमचं मिरजेचं मिशन हॉस्पिटल. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचा दवाखाना उभा राहिला. परिचारिका आणि डॉक्टर घडवायचं कामही तिथे सुरू झालं. सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. रोज तिथून जाणाऱ्या कितीजणांना तो माणूस ठाऊक असेल?

आईचा जन्म मिशनमधला, हे मला माहीत होतं. त्यामागची गोष्ट त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा कळली. आजीची पहिली दोन मुलं घरीच बाळंतपणात गेली होती. तिसऱ्या वेळी, १९५८ साली, आजोबांनी तिला मिरजेला न्यायचं ठरवलं. त्यावर पणजीनं जेवण सोडलं. "मिशनचं पाणी प्यायलीस तर बाटशील," असं ती आजीला म्हणाली. आजी घरच्या पाण्याची कळशी बरोबर घेऊन गेली. बाळंतपण अडलं, रात्रभर चाललं. पहाटे आई जन्मली, तेव्हा कळशी रिकामी झालेली होती. घामानं भिजलेल्या नर्सनं आपल्या पेल्यातलं पाणी आजीला पाजलं. ही पाण्याची गोष्ट आजीनं पणजीला जन्मभर सांगितली नाही.

"आपल्याला कुणी बाटवलं नाही गं," आई म्हणाली, "पण त्या नर्सचं नावसुद्धा आम्ही कुणी विचारलं नाही."

मागच्या सीटवरून माझ्या आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, "त्या लतीफा आजींना त्यांच्या घरी जायचं नव्हतं का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आपण इथे येतो ते नोकरीसाठी, व्हिशाच्या मुदतीएवढे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपला आणि मिशनऱ्यांचा मार्ग वेगळा, आणि सगळेच मिशनरी केनेडींसारखे होते असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे धर्मांतरावरून घरं दुभंगली, त्याच्या जखमा खऱ्या आहेत. तरी एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. लतीफानं अडतीस वर्षं इथल्या बायकांची सुखदुःखं ऐकली. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली आणि माझं अरबी 'शुक्रन'च्या पुढे गेलेलं नाही. आमच्या मजल्यावर एक अरब आजी राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या की काहीतरी आपुलकीनं विचारतात, मी नुसती हसते.

आई परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी करंज्या केल्या. एक डबा घेऊन आई स्वतः त्या आजींच्या दाराशी गेली. आईला अरबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. पंधरा मिनिटांनी ती परत आली, ती हातात खजुराचा डबा घेऊनच.

"त्यांचं नाव मरियम आहे," आईनं सांगितलं. "विचारून आले."

अकरा वर्षांत मला हे नाव ठाऊक नव्हतं. यंदाच्या दिवाळीचा फराळाचा पहिला डबा मरियमबाईंकडे जाईल. तो देताना दोन वाक्यं तरी अरबीतून बोलायची, म्हणून मी सध्या लेकाच्या शाळेचं अरबीचं पुस्तक घेऊन बसते. उच्चार चुकला की तो मला पुन्हा म्हणायला लावतो.