खुला लिनक्स, बंद ड्रायव्हर

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे तीस अँटेना आहेत, प्रत्येकाचा व्यास 45 मीटर. आकाशातून आलेल्या रेडिओलहरी ते टिपतात, पण त्यातून चित्र उभं करतो तो संगणक. तीस अँटेनांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे सिग्नल सतत एकमेकांशी गुणून पाहावे लागतात. पूर्वी हे काम बाजारात मिळणाऱ्या साध्या लिनक्स संगणकांच्या ताफ्यावर भागत असे. तेव्हा टिपायचा वारंवारतेचा पट्टा होता 32 मेगाहर्ट्झचा. नूतनीकरणानंतर तो 400 झाला. म्हणजे एका वाहिनीवर सेकंदाला 80 कोटी नमुने, प्रत्येक अँटेनाच्या दोन वाहिन्या. सगळे मिळून सेकंदाला 4800 कोटी. आणि हिशेब तिथल्या तिथे उरकायचा!

हा भार झेलायला जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या अभियंत्यांनी एफपीजीए या हव्या तशा जुळवता येणाऱ्या चिपच्या जोडीला जीपीयू घेतले. व्हिडिओ गेमची चित्रं रंगवायला जन्मलेल्या या चिपला एकच क्रिया हजारो आकड्यांवर एका दमात करायची सवय असते. खगोलशास्त्रज्ञांना नेमकं तेच हवं होतं.

गोम आहे ती ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाला चिपशी बोलू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. हे जीपीयू बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीचा ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षं बंद पेटीत होता. कर्नल अपडेट केला आणि ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, की मशीन सुरू होताना स्क्रीन काळा. म्हणून सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, ‘चाललंय ना? मग हात लावू नका.’ शिवाय असा ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःच्या लॉगमध्ये ‘टेन्टेड’, म्हणजे डागाळलेला, असा शेरा मारतो, आणि मग कर्नलवाले तुमच्या तक्रारीकडे सहसा पाहत नाहीत. 2012 मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने एनव्हीडियाला कॅमेऱ्यासमोर शिवी हासडली होती, ती उगाच नाही.

स्वयंसेवकांनी एनव्हीडियाच्या जीपीयू कार्डांचं वागणं उलगडत ‘नूव्हो’ हा खुला ड्रायव्हर लिहिला. पण 2014 नंतरच्या कार्डांना कंपनीच्या डिजिटल सहीचं फर्मवेअर लागू लागलं. त्याशिवाय वेग वाढवता येईना, आणि महागडी कार्डं नूव्होवर रांगत राहिली.

मे 2022 मध्ये कंपनीने ड्रायव्हरच्या कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला. टाळ्या वाजवाव्यात, पण जपून. बरंचसं काम कार्डावरच्या बंद फर्मवेअरमध्ये सरकवलेलं आहे आणि जीपीयूकडून हिशेब करवून घेणारी वरची कुडा लायब्ररीही बंदच. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीचा ड्रायव्हर 2015 पासून कर्नलमध्येच आहे, तिची रॉकएम ही गणनप्रणालीही बहुतांशी खुली. तरी वर्षानुवर्षं कुडात लिहिलेला कोड कोण टाकून देणार?

परकी चिप वापरण्यात मला काही गैर वाटत नाही. सी-डॅकच्या 1991 च्या परम 8000 या महासंगणकामध्येही ब्रिटिश कंपनीच्याच ट्रान्सप्युटर चिप होत्या. खटकतं ते बिघाड कुठे झाला हे उघडून पाहता न येणं. आणि 2022 मध्ये खुलं झालेलं मॉड्यूलही सगळीकडे कामी येत नाही; ते चालतं 2018 च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांवर. पुण्यातल्या परम सिद्धी-एआय महासंगणकातली एनव्हीडियाची ए100 कार्डं त्यात बसतात. जीएमआरटीच्या नव्या यंत्रणेसाठी घेतलेली केप्लर पिढीची टेस्ला कार्डं मात्र त्याआधीची. त्यांना जुना बंद ड्रायव्हरच लागतो.