सील न तोडता

कार्ट म्हटलं की जालन्याच्या माणसाला बैलगाडी आठवते आणि कार्टची शर्यत म्हटलं की शंकरपट. मला ही गल्लत मुळीच वाटत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींत बैलांचे दात पाहून गट पाडतात. दुधाचे दात अजून न पाडलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. आदत वासराला जाणत्या बैलाशी भिडवलं तर निकाल पळण्याआधीच लागलेला असतो, हे तिथल्या पोरासोरांनाही कळतं. गो-कार्टच्या इंजिनांचा सत्तर वर्षांचा इतिहास मी वाचत गेलो, तेव्हा त्यातही हाच प्रश्न दिसला. ताकद वाढवणं फारसं अवघड नसतं. वाढलेली ताकद सगळ्यांच्या वाट्याला सारखी कशी येईल, हे ठरवताना नियमांचा कस लागतो.

पहिलं कार्ट 1956 साली कॅलिफोर्नियात तयार झालं. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यातल्या आर्ट इंगल्स यांनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला आणि गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेलं वेस्ट बेंडचं छोटं इंजिन त्यावर बसवलं. तीनच वर्षांनी, 1959 साली, मॅककलॉक कंपनीने खास कार्टसाठी एमसी-10 हे इंजिन बाजारात आणलं. खेळ सुरू होऊन चार वर्षंही झाली नव्हती, तोवर सुधारित इंजिनाची चढाओढ लागली होती. 1962 साली या खेळाचे जागतिक नियम पाहणारा आयोग स्थापन झाला.

त्यानंतरची कित्येक दशकं शंभर सीसीच्या हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांची होती. क्लच नाही, स्टार्टर नाही. मेकॅनिकने कार्ट ढकलायचं, इंजिनाने पेट घेतला की मुलगा निघाला! मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणारी ही इंजिनं सतत उघडावी लागत आणि चांगल्या मेकॅनिकचा हात ज्याला परवडेल तो पुढे राही.

2007 साली आयोगाने ही इंजिनं वरच्या श्रेणींतून काढली आणि केएफ नावाची 125 सीसीची, पाण्याने थंड होणारी इंजिनं आणली. बटण दाबलं की चालू, सोबत क्लच आणि फेऱ्यांवर इलेक्ट्रॉनिक मर्यादा. कागदावर यात काहीच वावगं नव्हतं. 2012 साली मुंबईच्या जेहान दारूवालाने आशिया-पॅसिफिकचं अजिंक्यपद जिंकलं ते यातल्याच केएफ-3 गटात. पण बॅटरी, वायरी, क्लच यांनी कार्ट जड झालं, गुंतागुंत वाढली, खर्च वाढला आणि स्पर्धक घटत गेले. शेवटी 2016 साली केएफ मागे घेऊन ओके ही इंजिनं आणली. त्यांना ना स्टार्टर, ना क्लच. मेकॅनिक पुन्हा कार्टमागे धावू लागला. जगाच्या नियामकांनी नऊ वर्षांनी एक पाऊल मागे घेतलं, याबद्दल मला आदर वाटतो. शर्यतीत उतरणारी मुलंच कमी होत असतील, तर ती सुधारणा कुणासाठी?

केएफ येण्याआधीच ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीने वेगळी वाट धरली होती. तिचं एफआर-125 मॅक्स हे इंजिन 1997 साली आलं. 125 सीसी, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, बटणावर सुरू होणारं. खेड्यापाड्यांत आजही जिच्या आवाजाला माना वळतात त्या यामाहा आरएक्स-100 मधून सुमारे अकरा अश्वशक्ती निघते. सीनियर मॅक्स तीसच्या घरात देतं. पण मला या इंजिनाच्या ताकदीपेक्षा त्याचं सील मोठं वाटतं. आतला भाग कंपनीच्या क्रमांकाच्या सीलने बंद असतो आणि तो उघडायचा तर अधिकृत सेवा केंद्रातच. सिलिंडर घासून, पोर्ट मोठे करून अश्वशक्ती चोरण्याचा रस्ताच बुजतो. वयाचे गटही याच कुळातल्या इंजिनाचे. ज्युनियरला एक्झॉस्टची झडप मिळत नाही, त्याहून लहानांच्या एक्झॉस्टच्या वाटेत अडसर घालून ताकद आणखी उतरवतात. आदत, दुसा, चौसा!

2000 सालापासून या इंजिनाची जागतिक ग्रँड फायनल्स भरते. तिथे इंजिनं आयोजक देतात, तीही चिठ्ठ्या काढून. घरून कुणी कितीही खर्चिक इंजिन आणू म्हटलं तरी तिथे चालत नाही.

भारतात हे इंजिन रुजवलं ते बंगळुरूच्या मेको मोटरस्पोर्ट्सने, म्हणजे माजी शर्यतपटू अकबर इब्राहिम यांच्या संस्थेने. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या आपल्या महाराष्ट्रातही झाल्या, कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर. कोल्हापूर हे ओतकामाचं शहर, गॅरेजमध्ये वाढलेल्या हातांचं. जालन्याहून ते चारशे किलोमीटरहून दूर पडतं, पण भट्ट्या आणि सळईच्या जालन्याला लोखंड समजणारी माणसं परकी वाटू नयेत.

कोल्हापूरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, बंगळुरूची नऊशे. वर हवा विरळ, म्हणून पेट्रोलही कमी लागतं. तेच सीलबंद इंजिन बंगळुरूला नेलं की कार्ब्युरेटरमधला जेट लहान करावा लागतो. सकाळच्या गारव्यात बसवलेला जेट दुपारच्या उन्हात हवेच्या मानाने जास्त पेट्रोल सोडू लागतो, इंजिन घुसमटतं आणि मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहतो. सीलबंद इंजिनात नियमाने मेकॅनिकला ठेवलेली मोकळीक ती मुख्यतः अशी, आणि मला ती अगदी नेमकी वाटते. निरीक्षणाला वाव आहे, पैशाला नाही.

मग 2015 साली रोटॅक्सनेही सुधारित इंजिन आणलं, ते मॅक्स इव्हो. नवा कार्ब्युरेटर, नवं इग्निशन, नवी वायरिंग, नवा सायलेन्सर. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याचं दार कमी फेऱ्यांवर बुटकं हवं, जास्त फेऱ्यांवर उंच. सीनियर मॅक्समध्ये हे काम एक झडप करते. जुन्या इंजिनात ती वायूच्या दाबाने सरकत असे आणि तिची स्प्रिंग हाताने जुळवावी लागे. इव्होत तिच्या उघडण्याचा क्षण इलेक्ट्रॉनिक संच ठरवतो. वळणातून बाहेर पडताना लागणारी ओढ त्यामुळे अधिक सलग मिळते, आणि जुळवणीत चुकणाऱ्या नवख्या मुलाचं नुकसान टळतं.

या बदलातला सर्वांत मोलाचा निर्णय माझ्या मते तांत्रिक नव्हताच. जुन्या इंजिनाच्या मालकाला कंपनीने सुधारणेचा संच दिला. सिलिंडर-क्रँककेस तेच ठेवून भोवतालची यंत्रणा बदलता येत होती. नियम बदलले म्हणून पोराचं इंजिन भंगारात काढण्याची वेळ बापावर येत नव्हती. केएफने जुनं बाद करून नवं घ्यायला लावलं होतं, इव्होने जुन्यालाच नव्याच्या रांगेत आणलं.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं गो-कार्ट बांधून स्पर्धांना जातात, बहुतेकदा मोटरसायकलचं इंजिन बसवून. आता विजेवरच्या कार्टचेही गट आले आहेत, रोटॅक्सच्या ग्रँड फायनल्समध्येसुद्धा. मोटर कुठली, बॅटरी किती, संच कुणाकडून, हे नियम ठरत असताना ज्या कॉलेजकडे अजून पेट्रोलचंच कार्ट आहे, त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

शर्यत संपली की पोरगं हेल्मेटसकट कार्टमध्ये बसूनच वजनकाट्यावर येतं. किरकोळ अंगाच्या मुलाने सीटला शिशाच्या पट्ट्या लावलेल्या असतात, कारण किमान वजन कार्ट आणि चालक मिळून मोजतात. सळईचा ट्रक काट्यावर चढताना पाहिलेल्या जालनेकराला हे दृश्य सांगावं लागणार नाही. काट्यावरचा आकडा लिहून घेतला जातो, तपासनीस इंजिनाशी वाकतो, सीलचा क्रमांक वाचतो आणि नोंदवहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. तोवर निकाल जाहीर होत नाही.