असईची लढाई व शिलेदारीचा अस्त

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या ईशान्येस केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे खेडे आहे. १९८१ साली औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्यात ते मोडते. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्लीने दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. या लढाईचे डावपेच पुष्कळांनी वर्णिले आहेत. तिच्या मुळाशी असलेला समाजातील पालट मात्र उपेक्षित राहिला आहे.

जुन्या मराठी फौजेचा कणा शिलेदार होय. घोडा व हत्यार त्याच्या घरचे. पावसाळ्यात तो गावी असे व दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेस निघे. युद्ध हे अशा रीतीने शेतीच्या ऋतुचक्रात बसलेले होते. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, तेव्हा हे चक्र मोडले. नवा शिपाई बहुतांशी हिंदुस्थानी, बारमाही पगारी. त्याचे अंमलदार युरोपीय. त्याच्या तोफा आग्र्यास ओतलेल्या. या खर्चासाठी दुआबातील परगणे लावून दिले गेले. कंपू, काडतूस, कप्तान हे पोर्तुगीज वळणाचे शब्दही मराठीत रुळले.

ही पायदळाची शिस्त पोकळ नव्हती. असईस पोलमनच्या पलटणींनी ऐन वेळी मोहरा फिरविला, गोलंदाज तोफांपासून हटले नाहीत. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे १,६०० झाले. मराठी घोडदळ मात्र जवळजवळ अलिप्त राहिले. वेलस्लीने मोहीम मुद्दाम पावसाळ्यात काढली होती, कारण भरलेल्या नद्या घोडदळास अडवितात. कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांचे कित्येक इंग्रज अंमलदार नोकरी सोडून गेले. सरसेनापती पेरॉंही त्याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयास गेला. पगाराने बांधलेली निष्ठा अशी पगाराबरोबरच सुटली.

परिणाम रयतेने भोगला. १८०३-०४ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली व फौजांच्या लुटीने त्यात भर पडली. बेकार झालेल्या स्वारांपैकी कित्येक पेंढाऱ्यांत मिसळले आणि १८१७-१८ च्या युद्धापर्यंत खेड्यांना स्वास्थ्य लाभले नाही. सारांश, नव्या युद्धविद्येची हत्यारे आपण घेतली, पण ती पेलणारी खजिन्याची व अंमलदारांची व्यवस्था आपल्या समाजात रुजविली नाही. आणि जुनी शिलेदारी तेवढी गमावली.