चौकट : सहीऐवजी प्रश्न

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांकडे शाळकरी मुलं सही मागत, तेव्हा ते म्हणत : पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. लोकांशी बोलणं हा त्यांच्या लेखी संशोधनाचाच भाग होता. करदात्याच्या पैशावर दुर्बिणी चालतात, त्याला आकाशात काय दिसलं हे कळायलाच हवं. फलज्योतिषासारख्या समजुतींना पुराव्याने उत्तर द्यायचं, तर तेही लोकांच्या भाषेत. १९९६मध्ये युनेस्कोच्या कलिंग पुरस्काराने या कामाची दखल घेतली गेली.

पण ही केवळ एका माणसाची हौस नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नारळीकर संस्थापक-संचालक असलेल्या, पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संशोधन केंद्रात शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तू उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. जागा, पैसा, पूर्णवेळ माणसं आणि संचालकांचा पाठिंबा, सगळं एकत्र आलं.

बहुतेक तरुण संशोधकांना यातलं काहीच मिळत नाही. बढती शोधनिबंधांवर ठरते. शाळेत दिलेला दिवस सहसा मोजला जात नाही. केंद्र सरकारने २०२२ साली वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची, म्हणजे संशोधकांनी आपलं ज्ञान समाजापर्यंत पोचवावं यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ती पाळायची तर संस्थांनी या कामासाठी वेळ आणि निधी राखून ठेवावा, मराठीत लिहिण्याबोलण्याचं प्रशिक्षणही द्यावं.