दर्याचा साज (भाग ९) : राऊताच्या छातीवरच्या कवड्या

या आठवड्यात नथीतल्या बसरा मोत्यांची पाळी होती. पण कोळणींच्या लुगड्यांवरचा मागचा भाग वाचून भिलाईजवळच्या बोरसीहून एका वाचकबाईंनी पत्र पाठवलं आहे, आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की मोत्यांना आठवडाभर थांबावंच लागेल. बाई विचारतात, आमच्या इथून कुठलाही समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून लांब. तरी दिवाळीनंतर दारात नाचायला येणाऱ्या राऊताच्या अंगावर शेकडो कवड्या असतात. त्या इथवर आल्या कशा? आणि रोज दर्या बघणारी कोळीण सणाच्या दिवशी सोनं घालते, कवडी का घालत नाही?

राऊत म्हणजे छत्तीसगढमधला गवळी. गावाची गुरं राखणारा, घरोघर दूध काढणारा. एरवी अंगावर साधे कपडे, खांद्यावर काठी. गोवर्धनपूजा आली की त्याचा थाट पाहावा. डोक्याला पागा, त्यावर मोरपिसांची कलगी आणि कागदी फुलं. तोंडाला पिवळी रामरज, डोळ्यांत काजळ. अंगात झगझगीत सलूखा, खाली गुडघ्यापर्यंतचा चोलना, कमरेला घुंगरं, हातात तेंदूची लाठी. तो ठणठणीत आवाजात दोहा म्हणतो, दोहा संपता संपता गंडवा बाजातली मोहरी आणि गुदुम वाजू लागतात आणि अख्खा जथा उसळतो. या सगळ्या रंगांत नजर ठरते ती पांढऱ्यावर. छाती-पाठीवर कवड्यांची पेटी, दंडांवर कवड्यांचे बहकर.

पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली की त्यातली कारागिरी कळते. अख्खी कवडी कापडावर बसत नाही, तिची गुबगुबीत पाठ डुगडुगते. म्हणून आधी पाठ फोडून किंवा घासून काढतात. उरतो तो दातेरी फटीचा सपाट चेहरा, आणि मागे आयतं भोक. सुई भोकातून शिरते, फटीतून वर येते, काठावरून पुन्हा कापडात जाते. फुटकी बाजू कापडाकडे, दात बाहेर. अशा रांगा एकीला एक खेटून शिवल्या की राऊताच्या प्रत्येक उडीसरशी कवडीवर कवडी घासते आणि खळखळ आवाज निघतो. कवडीचा पोशाख डोळ्यांइतकाच कानांसाठीही असतो.

एवढी चमक तिला कुठून? शंख किंवा शिंपला बाहेरून खडबडीत असतो, शेवाळ धरतो. कवडीतला प्राणी मात्र जिवंतपणी आपल्या मऊ आवरणाच्या दोन घड्या बाहेर काढतो आणि दोन्ही बाजूंनी कवच झाकून घेतो. त्याच आवरणातून कवचावर थरावर थर चढतो. त्यामुळे कवडी पाण्यातून निघते तीच गुळगुळीत, झिलई करायची गरज नाही. शिवाय ती टणक, न गंजणारी, जवळपास एकसारख्या मापाची. पूर्वीच्या काळी तिची नक्कल करणंही कुणाला परवडण्यासारखं नव्हतं. दागिना आणि नाणं, दोघांनाही लागतात ते हेच गुण.

आपल्याकडे आलेल्या कवड्यांचा मोठा साठा मालदीव बेटांचा. प्रवाळाच्या उथळ पाण्यात त्या वाढत. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये तिथे राहिला होता. बेटांवरचे लोक समुद्रातून कवड्या गोळा करून खड्ड्यांत पुरतात, आतलं मांस कुजून गेलं की पांढरं कवच उरतं, आणि बंगालचे व्यापारी तांदळाच्या बदल्यात ते घेऊन जातात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. एका सोन्याच्या दिनाराला साधारण चार लाख कवड्या! पुढे आफ्रिकेत मालीच्या राज्यात गेल्यावर त्याला हीच कवडी पुन्हा भेटली. तिथे भाव दिनाराला ११५०. समुद्रापासून जितकं लांब जावं तितकी कवडी चढत जाते, याचा इतका जुना आणि इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणं कठीण.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर या कवडीचे ढीग कधीच पडत नव्हते. कोळणीलाही ती विकतच घ्यावी लागली असती. मासळीच्या रोख पैशातून विकतच घ्यायचं तर ती सोनं घेणार, आणि ते अगदी रास्त आहे.

बंगाल-ओडिशात मात्र कवडी हा रोजचा पैसा होता. हिशोब चारांचा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण. १७७८ च्या सुमारास सिल्हेटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे याच्याकडे जिल्ह्याचा सारा कवड्यांतच जमा होई. रुपयाला ५१२० कवड्या, आणि त्या ढाक्याला पोचवायला होड्यांचे ताफे लागत. आपल्याकडेही हिशोबात कवडी मुरलेली होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत नाण्यांचं कोष्टक दिलं त्याची सुरुवात कवडीपासून आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण.

इंग्रजांनी ओडिशात कवडीऐवजी चांदीत सारा मागायला सुरुवात केली. १८१७ च्या पाइक उठावामागच्या कारणांत हे एक ठळक कारण होतं. चलन म्हणून कवडी खरोखरच कवडीमोल झाली, पण माणसांच्या अंगावरून उतरली नाही. बाजारातून हद्दपार झालेला पैसा सुईदोऱ्याने छातीवर टाचायचा, ही सौंदर्यदृष्टी विलक्षणच म्हणायला हवी.

राहिला बाईंचा पहिला प्रश्न. छत्तीसगढची समुद्राकडे जायची वाट ओडिशातूनच. दुर्गला लागून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी बंगालच्या उपसागराला. पाणी ज्या वाटेने उतरतं त्याच वाटेने बैलांचे तांडे मीठ घेऊन वर चढत. हे तांडे बंजाऱ्यांचे, आणि बंजारा बाईची कांचळी, तिचा घागरा, डोक्यावर घागर पेलणारी चुंबळ, सगळं कवड्यांनी आणि आरशांनी खच्चून भरलेलं असतं. बस्तरमधले माडिया नाचताना गव्याच्या शिंगांचा टोप घालतात, त्याला कवड्यांची झालर असते आणि ती थेट चेहऱ्यावर लोंबते. अंगामी नागांच्या काळ्या कमरवस्त्रावर कवड्यांच्या रांगा म्हणजे तर योद्ध्याचा मान. समुद्र न पाहिलेल्या माणसांनी समुद्राचा एकच जिन्नस घेतला आणि प्रत्येकाने त्यातून वेगळं रूप काढलं.

मग मराठी घरांचं काय? भिलाईत मराठी माणूस पोलाद कारखान्याच्या निमित्ताने मोठ्या संख्येने आला. सोव्हिएत रशियाशी त्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी १९५९ ची. त्याआधी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आलेली घराणीही छत्तीसगढात होतीच. यांतल्या ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी, त्यांच्या देवघरात कवड्यांची माळ हमखास असणार. आराध्यांच्या गळ्यात ती असते. पोत नाचवणाऱ्या भुत्याच्या अंगावर तर कवड्यांच्या माळाच माळा. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळेशेजारी कवड्या बांधतात, कारण कवडी दृष्ट अडवते अशी श्रद्धा आहे. छत्तीसगढातही हा सण आहे, तिथे त्याला पोरा म्हणतात. तेव्हा बोरसीच्या दारात नाचणारा राऊत आणि आतल्या देवघरातली माळ यांच्यात एका उंबरठ्याचंच अंतर आहे. बाईंनी एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहावं. माळेत कवड्या दोऱ्यावर लोंबत्या, पेटीत कापडाला घट्ट. माळ देवीची खूण म्हणून गळ्यात पडते, पेटी मिरवण्यासाठी छातीवर चढते.

शहरांतल्या दुकानांत कवडीचे पैंजण, कानातले, कमरपट्टे समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला जायचा साज म्हणून टांगलेले दिसतात. घालावेत, छानच दिसतात. फक्त घेताना कवडी हातात धरून पाहावी. खरी कवडी गार लागते, जड असते, तिचे दात थोडे वेडेवाकडे असतात आणि दोन कवड्या तंतोतंत सारख्या नसतात. प्लॅस्टिकची हलकी आणि साच्यातून काढल्यासारखी सारखी. रंगाचा धडा मात्र राऊताकडून घ्यावा. फिक्या कपड्यावर कवडी हरवते. गडद लाल, निळ्या, काळ्या मखमलीवर ती उठते. आणि एकेक कवडी इथेतिथे टाचण्यापेक्षा खेटून शिवलेली एक भरगच्च रांग कितीतरी देखणी.

पत्राच्या शेवटी बाईंनी आणखी एक विचारलं आहे. भिलाईच्या सेक्टरांतल्या बंगाली शेजारणींच्या हातातला पांढरा शाँखा कशाचा? तो शंखाचाच. अख्ख्या शंखाच्या आडव्या चकत्या कापून बांगड्या करतात, आणि त्यासाठी लागणारा शंख पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूच्या बाजूने, मन्नारच्या आखातातून बंगालला जात आला. जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाने १९१४ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिलं. योग असा की त्याच आखातात मोत्यांच्या शिंपल्यांचेही साठे होते, आणि पाणबुडे शंख काढत तसे मोतीही. म्हणून शाँखा आणि नथ, दोन्ही पुढच्या भागात एकत्रच घेऊ.