हेडलाइटचा बल्ब : आकडे काय सांगतात?

वॉट म्हणजे बल्ब खातो ती वीज. ल्युमेन म्हणजे तो देतो तो प्रकाश. केल्विन केवळ प्रकाशाचा रंग सांगतो. साध्या हॅलोजनचा सुमारे ३२००, पिवळसर. निळ्या काचेचा बल्ब पांढरा दिसतो, पण तो निळा थर काही प्रकाश अडवतो.

एच-४ : १९७१पासून वापरात. एकाच काचेत दोन फिलामेंट: अप्पर ६० वॉट, डिपर ५५. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत ते तिच्यामुळेच. एच-७मध्ये फिलामेंट एकच, ५५ वॉट.

१००/९० वॉट : मूळ वायरिंग एवढ्या भारासाठी नसते. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो. स्वतंत्र रिले आणि जाड वायर नसेल तर हा बल्ब धोक्याचाच.

‘१३० टक्के अधिक’ : खोक्यावरचा हा आकडा एकूण ल्युमेनचा नसतो. रस्त्याच्या ठरावीक भागावरच्या प्रकाशाची किमान मानकाशी केलेली ती तुलना असते. अशा बल्बचे आयुष्यही कमी.

एलईडी : हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवल्यास प्रकाशाचा उगम मूळ फिलामेंटच्या जागी येईलच असे नाही. मग झोत विखुरतो.

खरेदीआधी : बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के घटले, तर प्रकाश जवळपास ३० टक्के घटतो. गंजलेले अर्थिंग, पिवळी पडलेली काच आधी पाहावी. अनेकदा दोष तिथेच सापडतो.

बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल राहते, त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.