छापील पान संगणकाला वाचता यावे

कृषी विस्तार कार्यकर्त्याच्या संगणकात जुन्या मराठी पीकपुस्तिकांची स्कॅन केलेली शेकडो पाने असतात. परंतु ‘तुडतुडे’ हा शब्द शोधल्यास एकही पान सापडत नाही. कारण संगणकाच्या दृष्टीने ते पान म्हणजे केवळ चित्र. अशा चित्रातील मराठी मजकूर शोधता येण्याची सोय संगणकप्रणालीतच असावी, ही वापरकर्त्यांची अपेक्षा रास्त आहे.

या दिशेने महत्त्वाचे काम कोलकात्यात झाले. तेथील भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी व यू. पाल यांनी १९९७ मध्ये बंगाली व देवनागरी या दोन्ही लिप्यांतील छापील मजकूर वाचणारी प्रणाली मांडली. दोन्ही लिप्यांत शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. ती रेषा ओळखून वेगळी केली की अक्षरे सुटी होतात आणि वरची वेलांटी व खालचा उकार स्वतंत्रपणे ओळखता येतात. जोडाक्षरे मात्र अधिक कठीण ठरतात.

आज काही अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. तथापि, ‘०.५ मिलि’मधील दशांशचिन्ह निसटल्यास औषधाचे प्रमाण दहापट होते. म्हणून शंकास्पद अक्षर व आकडा वेगळ्या रंगात दाखवून शेजारी मूळ पानाचा तेवढा भाग दिसावा, ही पुढील गरज आहे. तोपर्यंत प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून पाहावा, कीडनाशकाची जुनी शिफारस सध्याच्या लेबलशी पडताळावी आणि नव्या पुस्तिकांचा मजकूर युनिकोडमध्येच जतन करावा.